एम.एस्सी. इमेजिंग : फी भरण्याआधी कन्सोलपाशी उभे राहा

'श्वास घ्या... धरून ठेवा... आता सोडा.'

छातीचा एक्स-रे काढलेल्या प्रत्येकाला हा आवाज ओळखीचा असतो. आवाजामागचा माणूस मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. रिपोर्टवर सही डॉक्टरांची, पावतीवर नाव रुग्णालयाचे, आणि काचेपलीकडे उभे राहून यंत्र चालवणारा किंवा चालवणारी म्हणजे नुसता 'एक्स-रेवाला' नाही तर 'एक्स-रेवाली बाई'. या कामासाठी पदवी लागते, एवढेच नव्हे तर त्यात एम.एस्सी. करता येते, हे सांगितले तर आजही अनेक घरांत भुवया उंचावतात.

पण दरवर्षी निकाल लागले की राज्यातल्या शेकडो घरांत हाच प्रश्न चर्चेला असतो. मुलाने किंवा मुलीने बारावी विज्ञाननंतर रेडिओग्राफीची पदवी घेतलेली असते. त्या पदवीला कुठे बी.एस्सी. म्हणतात, कुठे बी.पी.एम.टी. साधारण तीन वर्षांचे वर्ग आणि त्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप असा तिचा साचा. इंटर्नशिप संपत आली की दोन वाटा दिसू लागतात. एखाद्या स्कॅन सेंटरमध्ये नोकरी धरायची, की आणखी दोन वर्षे घालून मेडिकल इमेजिंगमध्ये एम.एस्सी. करायचे? सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला तर फी परवडते; पण जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा चुरशीची. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत हाच खर्च लाखांत जातो. घरचे कर्ज काढायला तयारही होतात. मात्र निवड होते ती बहुतेक वेळा माहितीपुस्तिकेतला एमआरआयचा चकचकीत फोटो, एखाद्या सीनियरचा सल्ला आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' ही ओळ वाचून.

निवड करण्याआधी ही पदव्युत्तर पदवी नेमकी कशासाठी असते, हे समजून घेतले पाहिजे. बटण दाबायला ती लागत नाही. ते काम चांगला पदविकाधारकही करतो आणि उत्तम करतो.

पडद्यावरचा आकडा

२००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या एका नामांकित रुग्णालयात सीटी स्कॅनच्या यंत्रातील एक सेटिंग बदलण्यात आले. पक्षाघाताची शंका असलेल्या रुग्णांच्या मेंदूचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी जो स्कॅन होतो, त्याची प्रतिमा अधिक उपयुक्त यावी हा त्यामागचा हेतू. बदल चुकला. तिथून पुढे त्या स्कॅनसाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या सुमारे ८ पट किरणोत्सर्ग मिळू लागला. हे १८ महिने चालले आणि २०६ रुग्णांना त्याचा फटका बसला. २००९ च्या ऑगस्टमध्ये एका रुग्णाचे केस गळू लागल्याची तक्रार आली, तेव्हा कुठे चौकशी सुरू झाली. अनेकांच्या डोक्याभोवती पट्टा ओढावा तसे केस गेले होते.

यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे मात्रा लपलेली नव्हती. सीटीच्या कन्सोलवर प्रत्येक स्कॅनची मात्रा आकड्यांत दिसते. दीड वर्षभर तो आकडा रोज पडद्यावर येत होता आणि माणसे तो पाहून पुढच्या रुग्णाला आत घेत होती. यंत्रात बिघाड नव्हता, वीज गेली नव्हती, कुणी कामचुकारपणाही केला नव्हता. 'हा आकडा इतका का?' असे विचारणारा कुणी नव्हता, इतकेच.

दुसरी घटना आपल्या अगदी जवळची. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात एका रुग्णाबरोबर आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. यंत्र बंद आहे, असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. एमआरआयचे चुंबक असे 'बंद' होत नसते. द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेल्या तारांमधून वीज अखंड फिरत असते; स्कॅन चालू असो वा नसो, रात्र असो वा सुट्टी, चुंबक जागेच असते. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्राची ताकद पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जवळपास तीस हजार पट. सिलिंडरसह तो तरुण ओढला गेला आणि त्याचा जीव गेला.

दोन्ही घटना एकाच ठिकाणी बोट ठेवतात. आज इमेजिंग विभागात यंत्रे भरपूर आहेत, ती दिवसेंदिवस आपोआप चालणारी होत आहेत. रुग्णाला टेबलावर नीट मध्यभागी आणण्याचे कामही आता कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. कमतरता आहे ती यंत्राने दिलेल्या उत्तराला आडवे जाणाऱ्या माणसाची. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा स्कॅन मोठ्या माणसाच्या सेटिंगवर लागलेला पाहून हात थांबवणारा, खोलीच्या दारात सिलिंडर अडवणारा, नव्या मुलांना हे शिकवणारा आणि विभागाचे नियम लिहून काढणारा माणूस. दोन वर्षांची एम.एस्सी. असा माणूस घडवत असेल तर ती पैसे वसूल करते. पदवीचाच अभ्यास पुन्हा जाड पुस्तकांतून करून घेत असेल, तर नाही.

नावात गोंधळ, वाटेत दरी

प्रवेश घेताना पहिली चूक होते ती नावात. मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी, रेडिओग्राफी अँड इमेजिंग, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी, न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी, मेडिकल फिजिक्स. सगळ्यांच्या आधी एम.एस्सी. लागते, सगळ्यांत किरणोत्सर्ग येतो आणि माहितीपुस्तिकेत सगळ्यांची छायाचित्रे सारखीच दिसतात. प्रत्यक्षात या वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत आणि एकीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही.

इमेजिंगवाला निदानासाठी प्रतिमा काढतो. रेडिओथेरपीवाला कर्करोगाच्या रुग्णाला लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरखाली रोज त्याच जागी, त्याच कोनात झोपवून उपचार देतो. न्यूक्लिअर मेडिसिनवाला किरणोत्सारी औषधे हाताळतो. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर या क्षेत्रातली जुनी संस्था आहे. आणि मेडिकल फिजिसिस्ट रेडिओथेरपीच्या मात्रेचे गणित मांडतो. यंत्राची मोजणी आणि तपासणीही त्याच्याकडेच. इथेच अनेकांची निराशा होते. रेडिओग्राफीची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला वाटते की पुढची पायरी मेडिकल फिजिक्सची. पण अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या निकषांत मेडिकल फिजिसिस्टसाठी भौतिकशास्त्राचा पाया मागितला जातो. भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा प्रसिद्ध पदविका अभ्यासक्रमही भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांसाठी आहे. रेडिओग्राफीच्या पदवीत भौतिकशास्त्र असते, पण तेवढ्यावर हे दार उघडत नाही. बारावीनंतरच या दोन वाटा वेगळ्या होतात आणि हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

दुसरा गैरसमज रिपोर्टचा. 'एम.एस्सी. केल्यावर रिपोर्ट लिहिता येईल', असे काही ठिकाणी सूचकपणे सांगितले जाते. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर प्रशिक्षण घेतलेले रेडिओग्राफर साध्या एक्स-रेचे रिपोर्ट अधिकृतपणे देतात, हे खरे. भारतात मात्र निदान लिहून सही करण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. इमेजिंगमधली एम.एस्सी. त्यात बदल करत नाही.

तिसरा गैरसमज सोनोग्राफीचा, आणि तो सर्वांत महाग पडू शकतो. अमेरिकेत सोनोग्राफर हा स्वतंत्र व्यवसाय आहे. प्रोब तंत्रज्ञाच्या हातात असतो. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे. त्यात कोणत्या पात्रतेच्या व्यक्तीने नोंदणीकृत केंद्रात सोनोग्राफी करायची हे ठरलेले आहे आणि ती व्यक्ती डॉक्टर असते. मुलींचे घटते प्रमाण पाहून महाराष्ट्राने या कायद्याची अंमलबजावणी कडक ठेवली आहे. नोंदवहीतल्या त्रुटींवरूनही यंत्रांना सील लागलेले आहे. तेव्हा 'स्वतंत्रपणे सोनोग्राफी करण्याचे प्रशिक्षण' असे कुणी एम.एस्सी.च्या जाहिरातीत लिहीत असेल, तर त्या संस्थेला एक तर कायदा माहीत नाही किंवा विद्यार्थ्याला तो माहीत नसेल यावर तिचा भरवसा आहे. दोन्हींचा अर्थ एकच.

परदेशाचेही तसेच. एम.एस्सी. हातात आली की विमानात बसायचे, असे समीकरण नसते. अमेरिकेत एक्स-रे तंत्रज्ञांच्या प्रमाणपत्रासाठी जी एआरआरटीची परीक्षा असते, तिला बसण्यासाठी त्या संस्थेने मान्य केलेलाच अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो, भारतातली एम.एस्सी. तिथे आपोआप चालत नाही. ब्रिटनमध्ये एचसीपीसी ही नोंदणी संस्था अर्जदाराच्या शिक्षणात काय शिकवले गेले आणि रुग्णालयातला सराव किती झाला, हे तपासते. म्हणजे तिथे पदवीच्या नावापेक्षा सविस्तर अभ्यासक्रम आणि सरावाच्या तासांची नोंद यांना किंमत आहे. अशी नोंद महाविद्यालय देते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारायचे. पाच वर्षांनी पत्र पाठवल्यावर 'जुने रेकॉर्ड सापडत नाही' हे उत्तर येण्याची शक्यता अधिक.

कागद आधी, भिंत नंतर

इतकी वर्षे या व्यवसायाला देशपातळीवर एक छत्र नव्हते. दोन महिन्यांच्या प्रमाणपत्रापासून एम.एस्सी.पर्यंत सगळे 'टेक्निशियन'. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यातल्या दहा वर्गांपैकी एक वर्ग वैद्यकीय रेडिओलॉजी, इमेजिंग व उपचारात्मक तंत्रज्ञानाचा ठेवला. या कायद्याने तासांची भाषा आणली. 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' म्हणवण्यासाठी किमान २००० तासांचा, तर 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवण्यासाठी किमान ३६०० तासांचा पदवी अभ्यासक्रम हवा. नोंदणीही हवी. पुढे आयोगाने इमेजिंगसह काही शाखांचे एकसमान अभ्यासक्रम आखले. महाविद्यालये त्यांच्याशी जुळवून घेण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत. एम.एस्सी.ला जाणाऱ्याने आधी स्वतःच्या पदवीचे तास मोजावेत. ती कमी पडत असेल तर वरची इमारत किती उंच, याला फारसा अर्थ उरत नाही.

दूरस्थ शिक्षणाचा मोह इथे मुळीच नको. या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ च्या सत्रापासून स्पष्ट बजावले आहे. तसे ते बजावावे लागले, यातच आधी काय चालत होते ते आले. एमआरआयच्या बोगद्यात घाबरून हातातली घंटी दाबणाऱ्या रुग्णाला बाहेर कसे काढायचे, हे व्हिडिओ पाहून येत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचे 'अभ्यास केंद्र' दिसते. तिथेही पाय रोवून प्रश्न विचारावा. छत्तीसगडमधल्या खासगी विद्यापीठांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेल्या निकालानंतर राज्याने स्थापन केलेल्या खासगी विद्यापीठांनी राज्याबाहेर अशी केंद्रे पसरवण्याला चाप बसला आहे. फलक मात्र अजून लटकताना दिसतात. पदवी कोण देणार, कोणत्या आवारात शिकून मिळणार आणि त्या आवाराशेजारी किती खाटांचे रुग्णालय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच पत्त्यावर मिळाली पाहिजेत.

पात्रतेचा रकानाही नीट वाचावा. काही विद्यापीठे 'बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी' असे नेमके नाव मागतात. हातातल्या पदवीचे नाव बी.पी.एम.टी. असेल तर समकक्षतेचे पत्र लागते आणि ते मिळेपर्यंत प्रवेशाची तारीख निघून जाते.

अ‍ॅप्रन कुठे टांगलेत?

कागद जुळले की रुग्णालयात जावे. प्रवेश कक्षात नव्हे, थेट रेडिओलॉजी विभागात. आणि गेल्यावर यंत्रे मोजत बसू नये.

तीन टेस्लाचा एमआरआय आहे, १२८ स्लाइसचा सीटी आहे, हे सगळे माहितीपुस्तिकेत असते. ते यंत्र कुणाचे, हे तिथे नसते. गेल्या काही वर्षांत अनेक रुग्णालयांतले सीटी आणि एमआरआय भागीदारीत खासगी कंपन्या चालवतात. जागा रुग्णालयाची, यंत्र आणि माणसे कंपनीची. अशा ठिकाणी एम.एस्सी.चा विद्यार्थी बहुतेक वेळ मागे हात बांधून उभा असतो. कारण कंपनीला दिवसाचे स्कॅन मोजायचे असतात आणि शिकाऊ हातांनी वेळ जातो. कंपनीचे तिच्या बाजूने बरोबरच आहे. पण मग दोन वर्षांची फी कशाची, हा प्रश्न उरतो. त्यापेक्षा जुन्या १६ स्लाइसच्या सीटीवर स्वतः प्रोटोकॉल लावायला मिळणारा विद्यार्थी पुढे जातो. यंत्र बदलले तरी तत्त्व तेच राहते.

म्हणून विचारायचे ते असे : एका कन्सोलमागे एका पाळीत किती विद्यार्थी? पदवीचे, पदविकेचे आणि एम.एस्सी.चे विद्यार्थी एकाच यंत्राभोवती गर्दी करतात का? रात्रपाळी असते का? रात्री दोन वाजता अपघाताचा रुग्ण आल्यावर काय काय होते, हे दिवसा अकरा ते चार शिकलेल्याला ठाऊक नसते.

मग भिंतीकडे पाहावे. एईआरबीचा परवाना लावलेला आहे का? १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या परवान्याशिवाय रुग्णालयाला एक्स-रे किंवा सीटीचे यंत्र चालवता येत नाही. खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागतो का, की काचेमागे कोळ्याचे जाळे आहे? शिशाचे अ‍ॅप्रन कसे ठेवलेत? नीट हँगरवर टांगलेले असतील तर विभागात कुणीतरी लक्ष देणारे आहे. घडी घालून खुर्चीवर टाकलेले असतील तर घडीच्या जागी आतल्या थराला भेगा पडत असणार, आणि अशा भेगांतून किरण आरपार जातात, हे तिथे शिकवले जात असले तरी पाळले जात नाही. पन्नास पानी माहितीपत्रकापेक्षा हे अ‍ॅप्रन जास्त बोलतात.

विद्यार्थ्यांच्या छातीवर बॅज आहे का, हेही पाहावे. टीएलडी बॅज म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या बसवलेली छोटी पट्टी. तीन महिन्यांनी ती तपासायला जाते आणि त्या काळात शरीरावर किती किरणोत्सर्ग पडला ते कळते. कर्मचाऱ्यांना बॅज आणि विद्यार्थ्यांना 'तुम्ही काय, दोन वर्षांचे पाहुणे' असा न्याय काही ठिकाणी असतो. तो स्वीकारू नये.

मुलगी असेल तर घरात आणखी एक प्रश्न कुजबुजत विचारला जातो : पुढे लग्न, मूल, त्यावर परिणाम नाही ना होणार? लाजून गप्प बसण्यासारखा हा प्रश्न नाही, त्याला मोजून उत्तर आहे. किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्यांसाठी भारतात पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही कमाल मर्यादा आहे. तुलनेसाठी, जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून माणसाला निसर्गतःच जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. शिसे घातलेल्या काचेमागून काम करणाऱ्याची नोंद योग्य शिस्तीच्या विभागात मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. कॅथलॅबमध्ये टेबलाशेजारी उभे राहणाऱ्याला मात्र अधिक जपावे लागते. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतोच. गरोदरपणाची माहिती दिल्यावर स्त्री कर्मचाऱ्याचे काम असे बदलून द्यायचे असते, की गर्भाला सामान्य नागरिकासारखेच संरक्षण मिळावे. तेव्हा मुलीला या क्षेत्रात पाठवावे की नाही, हा प्रश्न चुकीचा. ज्या विभागात बॅजचे आकडे फलकावर लावले जातात तिथे पाठवावे की ज्या विभागात ते कपाटात पडून असतात तिथे, हा बरोबर.

ग्रंथालयातले जुने प्रबंध

एम.एस्सी. आणि पदवी यांतला खरा फरक दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधात दिसतो. तो पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे विभागाच्या ग्रंथालयात जाऊन मागच्या तीन-चार वर्षांचे प्रबंध चाळणे. विषय डॉक्टरांच्या संशोधनाचे शेपूट असेल, म्हणजे विद्यार्थ्याने नुसती रुग्णांची आकडेवारी गोळा करून दिली असेल, तर ते दिसतेच. याउलट आपल्याच रुग्णालयात लहान मुलांच्या सीटीला किती मात्रा पडते ते मोजून, सेटिंग बदलून, प्रतिमेचा दर्जा न बिघडवता ती किती कमी करता येते असे काम एखाद्याने केले असेल, तर तो विभाग शिकवतो. किती एक्स-रे खराब आले म्हणून पुन्हा काढावे लागले आणि का, याची सहा महिन्यांची नोंद ठेवणारा साधा प्रबंधही मोलाचा. पुन्हा काढलेला प्रत्येक एक्स-रे म्हणजे रुग्णाला विनाकारण दुसरी मात्रा.

शिकवतो कोण, हेही तिथेच कळते. रेडिओलॉजिस्ट डॉक्टर शरीररचना आणि आजार उत्तम शिकवतात, पण कन्सोलचे शिक्षण कन्सोलवर आयुष्य घातलेल्या तंत्रज्ञ-शिक्षकाकडूनच मिळते. विभागात असा पूर्णवेळ शिक्षक नसेल, भौतिकशास्त्राचे तास घ्यायला आठवड्यातून एकदा कुणी बाहेरून येत असेल, तर 'मार्गदर्शक' या शब्दाचा अर्थ फक्त प्रबंधावरची सही एवढाच राहतो. रुग्णालयाचा किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी कोण, आणि यंत्रांची गुणवत्ता चाचणी होते तेव्हा विद्यार्थ्यांना सोबत उभे करतात का, हा एक प्रश्न विचारला तरी विभागाची नाडी कळते.

लगेच करायचे की थांबून?

पदवीनंतर लगेच एम.एस्सी. केलेच पाहिजे असे नाही. उलट एखाद-दुसरे वर्ष व्यस्त केंद्रात सीटी किंवा एमआरआयवर काम करून आलेला विद्यार्थी वर्गात वेगळे प्रश्न घेऊन बसतो. पुस्तकातला 'आर्टिफॅक्ट' त्याने रात्रपाळीत पाहिलेला असतो. शिवाय खासगी केंद्रांत सुरुवातीचा पगार ठरतो तो हाताच्या कौशल्यावर, नुसत्या एम.एस्सी.ला तिथे फार भाव नाही, हे कटू असले तरी खरे. पदव्युत्तर पदवीची किंमत कळते ती शिक्षकाच्या जागेसाठी, मोठ्या रुग्णालयात विभागाची जबाबदारी घेताना, यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांत डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना नवे यंत्र शिकवणाऱ्या 'अ‍ॅप्लिकेशन' तज्ज्ञाच्या नोकरीत, किंवा पीएच.डी.कडे वळताना. यातले काही करायचे नसेल तर घाई नको.

स्वतःची परीक्षा घेण्याचा एक बिनखर्चाचा मार्ग आहे. आरोग्य विभाग, महापालिका, एम्स, चंडीगडची पीजीआय यांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या भरतीच्या जाहिराती काढून शेजारी ठेवाव्यात. 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी', 'क्ष-किरण तंत्रज्ञ', 'रेडिओग्राफर', 'ट्यूटर' या पदांपुढे किमान पात्रता काय लिहिली आहे, एम.एस्सी.ला वेगळे गुण आहेत का, अनुभव किती वर्षांचा मागितला आहे, याची एक वहीभर नोंद केली की बरेच धुके विरते. 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा दावाही असाच तपासता येतो. मागच्या तुकडीतले विद्यार्थी कुठे आहेत, कोणत्या पदावर आहेत आणि त्या पदाला एम.एस्सी. लागत होती का? पदवीधराच्याच जागेवर पदवीधराच्याच पगारात रुजू झालेला विद्यार्थीही प्लेसमेंटच्या यादीत मोजला जातो.

विद्यावेतनाचे उत्तर तोंडी घेऊ नये. काही संस्था एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना थोडेफार विद्यावेतन देतात आणि पाळ्याही लावतात. काही ठिकाणी पाळ्या लावतात, विद्यावेतन नाही. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी फी भरून रुग्णालयाचे मनुष्यबळ होतो. इंटर्नशिपमध्ये त्याने हे एकदा केलेलेच असते.

सगळी खरी माहिती शेवटी विभागाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मिळते. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी तिथे असतात आणि प्रवेश समितीचे कुणी नसते. त्यांना महाविद्यालय कसे आहे, असे विचारले तर 'ठीक आहे' हेच उत्तर येते. त्यापेक्षा विचारावे : या महिन्यात किती सीटी स्वतः लावले? लहान मुलाच्या डोक्याच्या स्कॅनला इथे कन्सोलवर मात्रेचा आकडा किती येतो? पटकन आकडा सांगणारा विद्यार्थी भेटला तर त्या विभागात कुणीतरी पडद्याकडे बघायला शिकवते आहे.

जायचे ते सोमवारी सकाळी, ओपीडीची रांग जिन्यापर्यंत आलेली असते तेव्हा. शनिवारी दुपारी सगळीच महाविद्यालये शांत आणि नीटनेटकी दिसतात.